मुठीतली गोष्ट

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा तुमचा मुलगा तीन वर्षांचा होता आणि मी सोळा. आता त्याच्या दाढीत पांढरे केस दिसतात. इथे इंग्लंडातच रीडिंग गावी कॉम्प्युटरच्या ऑफिसात काम करतो, दोन मुली आहेत, आणि उंचीला तुमच्याही वर गेलाय. तुम्ही त्याला आठवत नाही. थोडेसेसुद्धा नाही. लहानपणी तो मला विचारायचा, बाबांचा आवाज कसा होता, आणि मला तो कधी काढून दाखवता आला नाही. तुमचा वर्दीतला एक फोटो आहे, तो त्याने मोठा करून घेतला आणि जिन्यात लावला. पाकिस्तानबरोबरची लढाई संपल्यावर तुम्ही सरहद्दीवरच्या वाळूतले सुरुंग काढायच्या कामावर होतात, एवढं त्याला आईकडून कळलं होतं. तेवढ्यावर त्याने आपला बाप उभा केला. न घाबरणारा, शांत हातांचा. मी त्याला कधी अडवलं नाही. कशाला अडवायचं? ज्याला बाप मिळाला नाही त्याने तो कसा बनवावा हे मी कोण सांगणार?

तुम्हाला हसू येईल, पण चाळिशी ओलांडल्यावर त्याने धातू शोधायचं यंत्र घेतलं. लांब दांडा, खाली तव्यासारखी चकती, कानाला हेडफोन. जमिनीवरून ती चकती फिरवत चालायचं, खाली काही असलं की कानात चिवचिवतं. इथे रविवारी शेकडो लोक असे शेतांतून फिरतात. कुणाला रोमन नाणी हवी असतात, कुणाला अंगठ्या. याला लढाईच्या वस्तू हव्या असतात. काडतुसांची रिकामी नळकांडी, वर्दीची बटणं, सैनिकाचा चमचा. घरी आणतो, धुतो, तेल लावतो आणि गॅरेजमधल्या फळीवर मांडून ठेवतो. त्याची बायको वैतागते. मी एकदा फळीसमोर उभी होते तर म्हणाला, "ताई, बाबांनी पण असंच काढला असेल ना? आऊट ऑफ द ग्राऊंड?" त्याच्या मराठीत सगळंच काढला असतं, गेला असतं. मी हो म्हटलं.

गेल्या शरदात तो मला म्हणाला, केंटला चल. तिथे समुद्राकडच्या बाजूला खडूच्या टेकड्या आहेत, आत माणसांनी पूर्वी खणलेल्या गुहा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन किनाऱ्यावर उतरतील अशी भीती होती, तेव्हा गावच्या राखणीला उभ्या केलेल्या पलटणीने त्या गुहांत दारूगोळा ठेवला होता आणि त्याच उतारावर लुटुपुटीच्या लढाया लढून सराव केला होता. टेकडी एका म्हातारीच्या शेतात येते. ती कुणाला आत सोडत नाही, पण याने दोन वर्षं तिला नाताळची कार्डं पाठवून तिची परवानगी मिळवली. एकट्याने आत जायचं नाही ही तिची अट होती आणि त्याचा नेहमीचा जोडीदार आजारी पडला. म्हणून मी. हाउन्सलोच्या औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगणारी, गुडघे दुखणारी बाई. मी हेल्मेट घातलं, त्यावर दिवा लावला आणि त्याच्यामागे गेले. तो कुठेही निघाला की मी मागे जाते, हे तुम्ही गेल्यापासून असंच आहे.

म्हातारी गुहेच्या तोंडाशी आपल्या कुत्र्याला घेऊन उभी होती. लाल नाक, पुरुषी कोट. म्हणाली, माझे वडील त्या पलटणीत होते, आत काय ठेवलं होतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, खोकून उडवून लावायचे. तुम्हाला चमचे सापडले तर चमचे न्या. दुसरं काही दिसलं तर हात लावू नका आणि मला हाक मारा. तुमचा मुलगा म्हणाला, अर्थातच. खरंच तसं म्हणाला. या कामाचे सगळे नियम त्याला पाठ आहेत, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा बेफिकीरपणा नव्हता.

गुहा आतून पांढरी आहे. मला वाटलं होतं काळोख काळा असेल, पण दिवा पडला की सगळीकडे फळ्यावरच्या खडूसारखा मऊ पांढरा रंग, आणि त्यावर माणसांनी खिळ्यांनी कोरलेली अक्षरं, बायकांची नावं, एक डुक्कर. थोडं चाललं की छत खाली येतं, आणि मग एक भोक लागतं, आपल्या घरातल्या कपाटाच्या दाराएवढं, तेही आडवं. त्यातून पोटावर झोपून, दोन्ही हातांनी कडा धरून स्वतःला ओढत पलीकडे जायचं. पलीकडे खोली आहे. तो आधी गेला, मग मी त्याला यंत्र सरकवलं, मग मी गेले. उठले तेव्हा माझं जाकीट पिठात लोळल्यासारखं झालं होतं आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.

त्याने यंत्र फिरवलं, मग मला फिरवायला दिलं. हेडफोनमध्ये आधी नुसती घरघर, मग अचानक स्वच्छ आवाज, चिमणी कानाशी बसल्यासारखा. मी ओरडलेच. त्याने खुरप्याने माती काढली तर पितळेचं बटण निघालं. त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "तुझं पहिला फाइंड." नंतर एक काटा निघाला, एका दाताचा तुकडा पडलेला. कुणीतरी या काट्याने जेवत होतं, इथे बसून, वर विमानं चाललेली असताना. मला एकदम तो माणूस जवळचा वाटला. मी यंत्र घेऊन भिंतीच्या कडेने सरकत होते, तो मागे कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून ओली माती चाचपत होता, आणि मी कानातल्या आवाजात इतकी बुडाले होते की त्याने पहिल्यांदा मारलेली हाक मला ऐकू आली नाही.

"ताई." मी हेडफोन काढला. तो उजवा हात छातीपासून लांब धरून बसला होता आणि त्या हाताकडे बघत होता. मुठीतून चिखल गळत होता. "ताई, हलू नको. मला वाटलं कुलूप आहे. जुना पॅडलॉक. मातीचा गोळा होता, मी फक्त दाबला, माती पडायला." मी विचारलं, काय आहे? माझा दिवा त्याच्या मुठीवर पडला आणि मला बोटांच्या फटींतून लोखंडाचे चौकोनी खवले दिसले, अननसावर असतात तसे. हातबॉम्ब होता. त्याच्या गुडघ्यापाशी ओल्या मातीत गंजाचं एक कडं पडलं होतं आणि त्याला चिकटलेला सळीचा तुकडा. ती पिन होती. मातीच्या ढेकळाबरोबर निघून आली होती. आता त्या बॉम्बचा खटका दाबून ठेवणारी एकच वस्तू जगात उरली होती, ती म्हणजे तुमच्या मुलाची मूठ.

तो म्हणाला, "पिन गेली की हा लिव्हर उडतो. मग थोडेसे सेकंद." मी म्हटलं, इतकी वर्षं मातीत होता, गंजून मेला असेल. तो म्हणाला, "कदाचित. किंवा नाही." त्याचा आवाज ऑफिसातल्या मीटिंगमध्ये असावा तसा सपाट होता, त्यानेच मी जास्त घाबरले. फेकायचा तर कुठे? खोली लहान, छत डोक्याला लागणारं, एक दगड निखळला तरी वरची टेकडी खाली येईल अशी. आणि बाहेर जायचा रस्ता म्हणजे ते भोक, ज्यातून दोन मोकळ्या हातांशिवाय जाता येत नाही. हे आम्हा दोघांना एकदमच कळलं. आम्ही दोघांनीही त्या भोकाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"तू जा," तो म्हणाला. "बाहेर जा, फोन कर, आणि ताई, परत येऊ नको. प्लीज." मी गेले. पोटावर सरकत गेले, कोपर सोलून निघालं ते नंतर कळलं. म्हातारीला सांगितलं तेव्हा तिने एकही प्रश्न विचारला नाही. कुत्र्याला फाटकाला बांधलं आणि घराकडे धावत सुटली, त्या वयात, कारण टेकडीखाली मोबाइलला रेंज नाही. जाताना ओरडून म्हणाली, इथेच थांबा, आत जाऊ नका, मला वचन द्या. मी मान हलवली. बाहेर लख्ख ऊन होतं. शेतात मेंढ्या. बाबा, मी तिथे उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसेल. माझ्या पोटात एक अगदी शहाणा आवाज म्हणत होता, आई ऐंशीची आहे, त्याच्या मुली लहान आहेत, दोघांनी मरून कुणाचं भलं होणार? त्या आवाजाचं काहीही चुकत नव्हतं. मी परत भोकात शिरले.

मला बघून तो रडला. आधी चिडला, इंग्रजीत शिव्या दिल्या, तुम्ही ऐकल्या नसतील अशा, आणि मग रडला. मी म्हटलं, रडायचं असेल तर रड, मूठ हलवू नकोस. त्याच्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून बसले. त्याने दुसऱ्या हाताने मूठ वरून धरली होती. दोन्ही हात थरथरत होते. तो म्हणाला, "बाबा असते तर एका मिनिटात केलं असतं. आणि मी बघ. लूक ॲट मी. मला शरम वाटतो."

तेव्हा मी त्याला सांगितलं. तुमची परवानगी घेतली नाही, घेता आली नसती.

मी म्हटलं, बाबा घाबरायचे. तुला कुणी सांगितलं नाही, पण बाबा हिरवळीवरून चालायचे नाहीत. पार्कमध्ये गेलो की डांबरी वाट सोडायचे नाहीत, आणि मी गवतात पळाले की त्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. आई भांडायची, अहो, हे इंग्लंड आहे, इथे कुणी काही पुरून ठेवलेलं नाही. ते म्हणायचे, माहितेय मला. तरी जायचे नाहीत. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणून सगळ्या फोटोत बाबा पाथवर आहेत? आपण गवतात, आणि ते पाथवर?" मी म्हटलं, हो, म्हणूनच. त्याने हे सगळे फोटो इतक्या वेळा पाहिले होते, आणि त्याला वाटत होतं तुम्हाला लांब उभं राहायला आवडायचं.

मग स्वयंपाकघरातला दिवस सांगितला. तुम्हाला आठवत असेल. मी अकरा वर्षांची, शाळेतून येताना हीथच्या, म्हणजे गावाबाहेरच्या माळाच्या, कडेला खडी काढलेल्या खड्ड्यात मला एक लोखंडी गोळा मिळाला, गंजलेला, एका टोकाला नळी. मी तो दप्तरात घालून आणला आणि आई पोळ्या लाटत होती त्या टेबलावर, कणकेच्या परातीशेजारी ठेवला. तुम्हाला दाखवायला. तुम्ही लष्करातले, तुम्हाला आवडेल म्हणून. तुम्ही विमानतळावरून पहाटेची पाळी करून आला होतात, झोपून उठून चहा मागायला आत आलात. आणि टेबलाकडे बघून फ्रिजला पाठ लावून उभे राहिलात. तुमच्या तोंडून आवाज निघेना. हात दोन्ही बाजूंनी फ्रिजला चिकटलेले. मी हसत होते, मला वाटलं तुम्ही नाटक करताय. आईने तुमच्याकडे पाहिलं, गॅस बंद केला, एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हाताने तुम्हाला, आणि कणीक लागलेल्या हातांनी आम्हा दोघांना रस्त्यावर आणलं. तुम्ही अनवाणी. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. पोलिसाने आत जाऊन तो गोळा बाहेर आणला आणि हसत सांगितलं की हा जुन्या पाण्याच्या पंपाचा भाग आहे. सगळी गल्ली हसली. तुम्ही सगळ्यांसमोर मला थोबाडीत मारलीत. आयुष्यात एकदाच.

"पंप?" तुमचा मुलगा म्हणाला. "वॉटर पंप?" आणि तो हसायला लागला. हुंदका यावा तसं हसू, खांदे हलवणारं, आणि मी जीव खाऊन ओरडले, मूठ! हसू नकोस, मूठ बघ! गुहा माझाच आवाज परत आणून देत होती. त्याने दात आवळले. अंगठ्याखालून लोखंडाचा एक बारीक आवाज आला, कुरकुरल्यासारखा. आम्ही दोघं पुतळ्यासारखे झालो. छतावरून पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा. काही झालं नाही. तो कुजबुजला, "माझी अंगठा कळत नाही मला. आय कान्ट फील इट. बोल ना ताई. थांबू नको."

म्हणून मी बोलत राहिले. त्या रात्री जेवणानंतर तुम्ही माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसलात, ते सांगितलं. तुम्ही माफी मागितली नाहीत, तुमच्या पिढीतले बाप मागत नसत. तुम्ही सांगितलंत की वाळूत पालथं पडून सळीने सुरुंग चाचपताना तुम्ही रोज घाबरायचात, आणि रोज काम व्हायचं, कारण मागे सुरक्षित हद्दीच्या दोरीपाशी एक जोडीदार असायचा आणि त्याचं काम फक्त बोलत राहायचं. गावच्या म्हशीबद्दल, बहिणीच्या लग्नाबद्दल, कोंबडीच्या रश्श्याबद्दल. काय बोलतो याला महत्त्व नव्हतं. त्याचा आवाज चालू आहे तोवर आपण जिवंत आहोत हे कळायचं. मग एक दिवस पाळी बदलली. तुम्ही दोरीपाशी बसलात आणि तो पुढे गेला, आणि तुम्ही बोलत असतानाच ते झालं. तुम्ही मला म्हणालात, पोरी, मी तेव्हा वाक्याच्या मध्यात होतो. एवढं सांगून उठून गेलात. मी अकरा वर्षांची होते, मला त्यातलं काय कळणार! पण पंपाचं हसू मात्र मला पुन्हा कधी आलं नाही.

हे ऐकून त्याने मुठीवरचा दुसरा हात आणखी आवळला. मग म्हणाला, "मग तू आता दोरीपाशी." मी म्हटलं, हो. मी बोलते, तू धरून ठेव. आणि बाबा, मी बोलले. तुम्ही बटाटे सोलताना साल अखंड निघाली तरच खूश व्हायचात. तुम्हाला क्रिकेटचा स्कोअर दुसऱ्याने सांगितलेला चालायचा नाही. विमानतळावरच्या सामान चढवण्याच्या कामाला तुम्ही हमाली म्हणायचात आणि आईने तसं म्हटलं की रागवायचात. तुमचं ओव्हरकोटातलं सुपारीचं पाकीट. ग्लासगोला मामाकडे गेलो होतो तेव्हा बसमध्ये तुम्हाला शेजारच्या बाईचं इंग्रजी कळेना, आणि तुम्ही संपूर्ण प्रवासात यस, यस, व्हेरी ट्रू म्हणत राहिलात. मी सोळा वर्षांत जेवढं साठवलं होतं ते सगळं त्या पांढऱ्या खोलीत बाहेर काढत होते. त्याचे ओठ निळसर झाले होते. मी मधे मधे विचारायची, ऐकतोयस ना? तो म्हणायचा, "हो. पुढे." आणि मग माझ्याजवळचं संपलं. तसं मी त्याला कळू दिलं नाही. मी बोलतच राहिले.

शेवटी भोकातून उजेड आला. लष्कराची एक मुलगी आली, बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातली, माझ्या दुकानात नव्याने लागलेल्या पोरींच्या वयाची असेल, ग्लासगोचे रांगडे उच्चार. भोकातून डोकं काढून म्हणाली, गुड मॉर्निंग, माझ्यासाठी काय ठेवलंय? जणू आम्ही तिला चहाला बोलावलं होतं. मग माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज बदलला. तुम्ही आता बाहेर. मी म्हटलं, मी बोलतेय त्याच्याशी. ती म्हणाली, तुमचं काम छान झालंय, आता मी बोलते. भोकातून निघताना मला मागे तिचा आवाज ऐकू येत होता. मी तुझ्या हातावर माझा हात ठेवतेय. आता तू काही सोडायचं नाहीस. मी सांगेन ते बोट, फक्त तेच.

बाहेर पोलिसांनी मला आणि म्हातारीला मेंढ्यांच्या गोठ्यामागे नेलं. म्हातारीने माझा हात धरला होता, खरखरीत, मोठा हात. ती एकदाच बोलली. म्हणाली, माझे वडील आतलं सगळं विसरून गेले असतील, म्हणून सांगत नसतील, असं मी आयुष्यभर समजत होते. मी आवाजाची वाट बघत होते. वारा आला तरी दचकत होते. कुत्रं भुंकलं तेव्हा मी गवतातच खाली बसले. मग तो दिसला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, एका पोलिसाच्या खांद्यावर, उजवी मूठ अजून पुढे धरलेली, रिकामी. ती उघडतच नव्हती. अँब्युलन्समधल्या दोघी नर्सनी मिळून त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि प्रत्येक बोटाला तो ओरडला.

दुपारी त्यांनी तो हातबॉम्ब टेकडीखालच्या खाणीत नेऊन उडवला. एक बसका धक्का पायांना जाणवला, कावळे उठले, पांढरी धूळ वर आली आणि हळूहळू मेंढ्यांवर बसली. मी त्या मुलीला विचारलं, जिवंत होता का? ती हेल्मेट काढून केस सारखे करत म्हणाली, सांगता येत नाही. आमचा सुरुंग लावून उडवला की त्याचा आवाज कुठला आणि आमचा कुठला हे वेगळं कळत नाही. आणि कळून घेण्यासाठी आम्ही थांबत नाही.

त्याला आता बरं आहे. अंगठ्याला अजून मुंग्या येतात. यंत्र त्याने एका मित्राला देऊन टाकलं, गॅरेजमधली फळी उतरवली. जिन्यातला तुमचा वर्दीतला फोटो तसाच आहे, पण शेजारी दुसरा लागलाय, पार्कमधला, ज्यात तुम्ही डांबरी वाटेवर उभे आहात आणि आम्ही लांब, गवतात. मुलींना तो सांगतो, हे तुमचे आजोबा, ते घाबरायचे आणि तरी कामाला जायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागलं.

हे सगळं मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. मागच्या रविवारी त्याच्या धाकटीचा वाढदिवस होता, आईलाही आणलं होतं. केक कापून झाल्यावर तो मुलींना म्हणाला, मी तुमच्यापेक्षा लहान होतो ना, तेव्हा आजोबांनी मला त्यांच्या कामावर नेलं होतं. विमानतळावर सामानाचा जो पट्टा फिरतो त्यावर मला बसवलं, दोन सुटकेसच्या मधे, आणि मी पट्ट्यावरून रबराच्या पडद्यातून आत गेलो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलो. आजोबा तिथे हात पसरून उभे होते. सगळे पॅसेंजर टाळ्या वाजवत होते. "आणि ते काय म्हणाले माहिते? आला माझा माल." मुली खिदळल्या. हे तो इंग्रजीत सांगत होता, फक्त तुमचं वाक्य मराठीत, आणि त्यात एकही चूक नव्हती.

बाबा, ती गोष्ट त्याला मीच गुहेत सांगितली. माझ्याजवळचं खरं संपल्यावर, त्याचे ओठ निळे पडत असताना. तुमच्या सगळ्या गोष्टींत तो कुठेच नव्हता, म्हणून मी त्याला आत घातलं. असं काही मला माहीत नाही. मी पाहिलं नाही, कुणी मला सांगितलं नाही, मी ते तिथल्या तिथे बनवलं. मी केकच्या बशीकडे बघत बसले. आणि तेवढ्यात आई, जिला हल्ली सकाळचं दुपारी आठवत नाही, ती खुर्चीतून म्हणाली, "हो तर. आणि एक बूट तिथेच पडला त्याचा. चॉकलेटी. मी किती बोलले होते दोघांना."

सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, चमच्याने केक खात राहिली. तिने मला सांभाळून घेतलं, की तिला गोष्टीत रमायला आवडलं, की खरंच तुम्ही त्याला तिथे नेलं होतंत आणि मला कुणी कधी बोललंच नाही, हे मला कळलेलं नाही. घरी सोडताना गाडीत आम्ही दोघीच होतो, हाउन्सलोपर्यंत सगळा रस्ता. विचारायला भरपूर वेळ होता.

हे कागद मी ठेवणार नाही. त्याला देवनागरी वाचता येत नाही, पण धाकटी शनिवारच्या मराठी शाळेत जाते आणि अक्षर लावून लावून सगळं वाचते. तुमच्यापुरतं सांगते. मी आईला विचारलं नाही. आणि कालपासून तो बूट मला स्वच्छ दिसतोय, बंदाचा, टाचेला घासलेला.